झाकलेली ताटली

'उष्टे' हा शब्द आपण तोंड वाकडे करून उच्चारतो. मूळ शब्द 'उच्छिष्ट', आणि त्याचा अर्थ एवढाच, की मागे उरलेले. खाणारा उठून गेला आणि काही राहिले, इतकेच तो सांगतो. किळस आपण नंतर जोडली. मायेच्या माणसांत तीही नसते. आई गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ भरवून घेण्याच्या वयाचा होता. मी त्याला भरवले आणि त्याच्या ताटलीत राहील ते मी खाल्ले. पावाच्या कडा तो कधीच खात नसे. त्या काढून ताटलीच्या काठाशी ओळीने मांडी आणि ताटली माझ्याकडे सरकवी. मिशा आल्या तरी हे चालूच होते. "ताई, तुझा वाटा," एवढेच म्हणे. तेव्हा तो कसा जेवतो, याबाबत माझी गफलत होणे शक्य नाही. हे आधी लक्षात घ्यावे.

त्याला दूरच्या गावी नोकरी लागली होती. बिऱ्हाड मांडून द्यायला मी चार दिवसांसाठी सोबत निघाले. गाडीत मागे गाद्या, शेगडी आणि भांड्यांचे खोके होते. पहाटे निघालो आणि उजाडले तरी धुके हटेना. अखेर रस्त्याच्या कडेला एक मिणमिणता दिवा दिसला, आणि भावाने गाडी वळवली.

"पोटातले कावळेसुद्धा आता ओरडून ओरडून थकले, ताई."

"बरं झालं. तेवढीच शांतता."

बैठे, लांबट उपाहारगृह होते. दार ढकलताच तापलेल्या लोण्याचा वास आला, आणि त्याच्या तळाशी आणखी एक वास, ओल्या राखेचा. आत एकही गिऱ्हाईक नव्हते. मात्र प्रत्येक टेबलावर एक ताटली होती, तिच्यावर दुसरी ताटली उपडी घातलेली, आणि शेजारची खुर्ची किंचित मागे सरकवलेली; बसलेला माणूस नुकताच उठला असावा तशी. खिडकीपाशी एकच टेबल तेवढे रिकामे होते.

"तिथं बसा," शेगडीपाशी पाठमोरा उभा असलेला म्हातारा आचारी म्हणाला. "झाकलेल्याला हात लावू नका."

"का हो मामा, जागा राखून ठेवल्यात?" भावाने विचारले.

"खाता खाता उठून गेलेत. येतील."

"सगळेच?"

आचाऱ्याने तव्यावर अंडे फोडले. भाऊ माझ्या कानाशी वाकला. "सगळ्यांची पोटं एकदम बिघडलेली दिसताहेत. अंडी जरा जपून खा बरं का."

मी हसले. त्याच्या बोलण्यावर मी हसले ते तेव्हा शेवटचे.

अंडी, पाव आणि चहा आला. त्याने नेहमीप्रमाणे कडा काढल्या, काठाशी मांडल्या, चमचा ताटलीत ठेवला आणि आणखी पाव मागितला. आचारी सावकाश होता. भावाला कधी स्वस्थ बसवले नाही. त्याने मागे वळून शेजारच्या टेबलावरची उपडी ताटली उचलली.

खालून वाफ आली.

"ताई... गरम आहे गं अजून!"

ताटलीत पावाचा तुकडा होता. एका बाजूने चावलेला. दातांच्या खुणा ताज्या, ओलसर होत्या.

"ठेव ते. उष्टं आहे कुणाचं तरी."

"उष्टं म्हणजे नुसतं उरलेलं, असं तूच तर शिकवतेस." एवढे बोलून, मला चिडवण्यासाठी, त्याने तुकड्याचा एक घास घेतला.

शेगडीवरचे चुरचुरणे थांबले. आचारी वळला आणि प्रथमच त्याने आमच्याकडे रोखून पाहिले. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरे वाटले असते.

"हात धुऊन या," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मागे."

भावाने माझ्याकडे पाहून जीभ चावली आणि तो मागच्या पडद्याआड गेला. पडदा हलला आणि स्थिर झाला. आचारी आमच्या टेबलापाशी आला. त्याने एक स्वच्छ ताटली उपडी करून भावाच्या ताटलीवर ठेवली. काठाशी मांडलेल्या कडा आणि चमचा आत गेले.

"अहो, झाकताय काय? तो हात धुवायला गेलाय. येईलच."

"हो," आचारी म्हणाला. "येतील."

मी ऐकत बसले. पाण्याचा आवाज आला नाही. खिडकीच्या काचेला धुके चिकटले होते. बऱ्याच वेळाने पडदा हलला आणि तो बाहेर आला. मी विणलेला तोच स्वेटर, भुवईवर तोच व्रण. हात कोरडे होते. तो माझ्याकडे आला नाही. शेजारच्या टेबलाच्या मागे सरकवलेल्या खुर्चीत बसला, आपल्या ठरल्या जागी बसावे तसा, आणि त्याने तो चावलेला पाव संपवला. कडेसकट. मग बोटाने ताटली निपटून काढली.

"अरे... इकडे बस ना," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिले. प्रवासात जागा करून देणाऱ्या परक्या बाईकडे पाहावे, तितक्याच अदबीने.

"ताई... तुमचं झालं असेल तर... निघू या का?"

तुमचं! जन्मात त्याने मला अहोजाहो केले नव्हते.

मी उठले आणि पडदा बाजूला सारला. मागे भिंत होती. भिंतीला एक नळ, नळाखाली कुंडी, आणि कुंडीत धुळीचा जाड थर. त्यावर बोटाचाही ठसा नव्हता. दार नव्हते, खिडकी नव्हती.

परत टेबलापाशी आले तेव्हा झाकलेल्या ताटलीतून आवाज आला. टक, टक. लहानपणी भूक लागली की तो असाच चमचा वाजवून मला हाक मारी. मी हात पुढे केला. आचाऱ्याने माझे मनगट धरले. इतका वेळ शेगडीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाचा हात बर्फासारखा गार होता.

"ज्याची त्यानंच उघडायची. दुसऱ्यानं उघडली, की त्याचीही झाकावी लागते."

"मग तो... कधी..."

"ताटली असेल तिथं येतात. आले तर."

मी भावाची ताटली वरच्या झाकणासकट तशीच उचलून छातीशी धरली. त्याने अडवले नाही. गाडीच्या दाराशी माझा भाऊ, किंवा जो कोणी होता तो, माझ्यासाठी दार उघडून उभा होता. वाटभर ताटली माझ्या मांडीला चटके देत राहिली.

ही हकीकत आता त्या रस्त्याने जाणारे लोक एकमेकांना सांगतात, आणि चुकीची सांगतात. बहिणीबरोबर न्याहारीला थांबलेला तरुण तिथून परतलाच नाही, असे म्हणतात. परतला की! रोज कामावर जातो, वेळेवर घरी येतो, ताटली लख्ख करून उठतो. चार दिवसांसाठी आलेली मी अजून त्याच्याच घरी आहे, कारण फडताळात ती झाकलेली ताटली आहे, अजून गरम, आणि तिच्याजवळ त्याला एकट्याला सोडण्याचे धैर्य मला होत नाही.

त्यांची दुसरी चूक याहून मोठी आहे. असा परतलेला माणूस चटकन ओळखू येतो, असे ते खात्रीने सांगतात. आज सकाळी त्याने पावाच्या कडा काढल्या. एकेक करून काठाशी ओळीने मांडल्या आणि ताटली माझ्याकडे सरकवली.

"ताई, तुझा वाटा," तो म्हणाला. तोच आवाज, तेच हसू. "खा ना गं."

माझा हात त्या कडांपर्यंत गेलाही होता. तेवढ्यात फडताळात चमचा वाजू लागला. नेहमीसारखा दोनदा वाजून तो थांबला नाही. तो थांबतच नव्हता.