टोपीरावाचा शेवट

घाबरायला रात्रच लागते असं काही नाही. मे महिन्यातली पातूरची दुपार पुरते.

मी अमरावतीहून निघालो तो साध्याच कामाला. बाबांचा जुना व्हीसीआर अकोल्याच्या एका रेडिओवाल्याने मोठ्या खटपटीने दुरुस्त केला होता. तो घ्यायचा आणि पातूरला आईकडे न्यायचा. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला होता. माघात ते वारले, आणि तेव्हापासून आई एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले, तिचा घसा ठणठणीत आहे. तिला एकदा बोलतं करायचं, एवढीच माझी धडपड होती.

एकेकाळी पातुरात बाबांचा व्हिडिओचा धंदा होता. टिनाचं शेड, आत टीव्ही, दारात तिकिटं फाडायला आई. सगळ्यात जास्त चालायची ती घोडेस्वारांची एक इंग्रजी फिल्म. इंग्रजी गावात कोणाच्या बापाला येत होतं? माझ्याही बापाला नाही! पण ते टीव्हीशेजारी उभे राहून सगळं वऱ्हाडीत सांगायचे. टोपीवाला नायक म्हणजे टोपीराव, खलनायक मिशीलाल. पुढे किशोरकाकाने, कॅसेट संपलीच आहे असं समजून, तिच्या शेवटावर आत्याच्या लग्नाचं शूटिंग उतरवून ठेवलं. बाबा हटले नाहीत. दोघे बंदुका घेऊन समोरासमोर आले की ते टीव्ही बंद करत आणि अंधारात शेवट स्वतः सांगत. मग विचारत, "मंग काय झालं?" लोक ओरडत, "पडला!" तसं ओरडल्याशिवाय खेळ सुटत नसे, आणि पहिली आरोळी दारातून आईची असे.

पातूरला पोचल्यावर मी व्हीसीआर टीव्हीला जोडला, तीच कॅसेट घातली आणि खिडक्यांना जाड चादरी लावल्या. कुलरच्या ओल्या खसाचा वास सुटला होता. आई भिंतीकडे पाहावं तशी पडद्याकडे पाहत होती. टोपीराव धुळीच्या रस्त्यावर आला. समोर मिशीलाल. आता आत्याचं लग्न लागणार म्हणून मी टीव्ही बंद करायला उठलो, तोच लाईट गेली.

कुलर घरघरत थांबला. आणि टीव्हीजवळून आवाज आला... खर्र... खर्र... ऑपरेशननंतर बाबांच्या गळ्यातल्या छिद्रातून श्वास असाच वाजायचा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"माय... आयकून राहिली काय?" मी कुजबुजलो.

खोलीत बाबांच्या तंबाखूचा वास पसरला. खरखर हळूहळू निवळली, आणि मग तोच भरदार आवाज, शेडातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा.

"टोपीराव उभा हाये... ऊन डोयात घुसून राह्यलं... पण गडी मांगं हटत नाही... मिशीलालनं कमरेले हात घातला... मंग काय झालं?"

मी चाचपडत आईचा हात धरला.

"मंग... काय झालं?" आवाज जवळ आला होता. त्यात पुन्हा खरखर शिरत होती. "मंग... खर्र... का..."

बाबांचा आवाज दुसऱ्यांदा जात होता, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं.

"पडला!" आई कडाडली. "मिशीलाल पडला! टोपीराव जिंकला वो, जिंकला!"

अंधारात बाबा हसले. पोटभर हसले. आई टाळ्या पिटत होती आणि मी रडत रडत शिट्ट्या मारत होतो. भीती कुठल्या कुठे पळाली. एवढा आनंद मला उभ्या जन्मात झाला नव्हता.

लाईट आल्यावर आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "कुलदीप, काहून रडून राहिला? जाय, चहा मांड."

आता ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुरून उरेल इतकी बोलते. मी आलो की दुपारी आम्ही फिल्म लावतो. कॅसेटवर आत्याचं लग्न आता नाही. तिथे काळा पडदा आहे, बाबांचा आवाज आहे आणि आईची आरोळी आहे. व्हीसीआरला माईक नसतो, असं रेडिओवाला शपथेवर सांगतो.

आरोळीमागे शेडभर लोकांचा गलका ऐकू येतो. त्यात किशोरकाकाची शिट्टी मी ओळखली. काका जाऊन सहा वर्षं झाली.

गलका थांबला की बाबा विचारतात, "उद्याच्या खेळाले इकडं कोण कोण येते?"

आई हसून हात वर करते. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो.