अकरा सेकंदांची शांतता

दुपारी तीनच्या सुमारास जिन्यावरून भूत चढू लागलं, तेव्हा ती चहा गाळत होती.

दोन पावलं हलकी, तिसरं जरासं घासत. पुन्हा दोन हलकी, तिसरं घासत. गेले अकरा दिवस ती हेच ऐकत होती, पण पडद्यातून. त्या भुताला तिनं इतक्या वेळा जिना चढायला लावला होता, की त्याच्या जागी माणूस असता तर गुडघे कामातून गेले असते. आज तेच पाऊल ऑफिसच्या खऱ्याखुऱ्या जिन्यावरून तिसऱ्या मजल्याकडे येत होतं. दुसरी कुणी असती तर गाळणं टाकून पळाली असती. हिनं दुसरा कप काढला.

तिचं कामच तसं होतं. सिनेमा थिएटरातून उतरला आणि घरी बघायच्या डिस्कवर निघाला, की ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी त्यातला एकेक आवाज चौकटी कंसात लिहायचा. [दार करकरतं]. [लांब कुत्रा भुंकतो]. ऑफिसात तिला ‘कंसबाई’ म्हणत आणि ती रागवत नसे. सध्याच्या सिनेमातलं भूत शेवटपर्यंत दिसत नव्हतं, नुसतं चालत होतं. त्यामुळे अकरा दिवस तिची सगळी ओळख त्याच्या चालण्याशीच झाली होती. तसं म्हटलं तर वाईट चालायचं नाही ते.

दारात येऊन उभं राहिलं ते सडपातळ होतं, चष्मेवालं होतं, आणि त्याच्या खांद्यावरच्या झोळीतून सात-आठ जोड बूट-चपला बाहेर डोकावत होत्या.

“तुम्ही पन्नासाव्या मिनिटातले,” ती कप पुढे करत म्हणाली.

तो जागच्या जागी थबकला. आजवर त्याला चेहऱ्यावरून ओळखणारेसुद्धा फार नव्हते… आणि ही पावलावरून ओळखत होती.

सिनेमात नट चालतो, पण त्याचा आवाज मागाहून एका बंद खोलीत दुसराच कुणीतरी चालून भरतो. तो दुसरा म्हणजे हा. स्टुडिओत सगळे त्याला ‘पावल्या’ म्हणत. राणीपासून चोरापर्यंत सगळ्यांच्या चपला त्यानं पायात घातल्या होत्या. या सिनेमातलं भूत तर सगळंच्या सगळं तोच होता.

चहा अर्धा संपल्यावर त्यानं विषय काढला. भूत शेवटच्या पायरीवर थांबतं, आणि मग अकरा सेकंद शांतता. दिग्दर्शक जिथे तिथे त्या अकरा सेकंदांचं कौतुक सांगत हिंडत होता. पण त्यातल्या पाचव्या सेकंदाला एक बारीकसा आवाज होता. थिएटरात तो कुणाला ऐकू गेला नाही. कानाला हेडफोन लावून बसलेल्या हिला ऐकू गेला, आणि तिनं प्रामाणिकपणे लिहिलं: [भुताचं पोट गुरगुरतं]. ओळींचा कच्चा कागद स्टुडिओत गेला, तेव्हा ती याच्या नजरेस पडली.

“ते पोट माझं आहे,” तो म्हणाला.

सकाळपासून त्याला तो जिना एकतीस वेळा चढायला लावला होता. जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती. एकतिसाव्या खेपेला दिग्दर्शकसाहेबांना हवं तसं भूत सापडलं, आणि नेमका तेव्हाच पोटाला कंठ फुटला. आता आवाजाची फीत कायमची पक्की झाली होती, तिला हात लावता येत नव्हता. बदलता येण्यासारखी फक्त हिनं लिहिलेली ओळ होती.

“तिथं [शांतता] लिहा. एवढंच.”

“तिथं शांतता नाहीये.”

दिग्दर्शकाचा पुढचा सिनेमा अख्खा आपल्याला मिळायचा आहे, त्यानं सांगितलं. त्याच्या लाडक्या शांततेत माझं पोट बोललं हे त्याला कळलं, तर तो मला स्टुडिओच्या पायरीवरही उभं करणार नाही.

तिनंही मग तिची अडचण सांगितली. तिला वाढवलं ते मावशीनं. मावशीला लहानपणी तापात ऐकू यायचं बंद झालं. घरात सगळे खो-खो हसत, मावशी विचारी काय झालं, आणि सगळे हात हलवून सांगत, “काही नाही.” जगात मावशीला कशाचा राग असेल तर त्या दोन शब्दांचा. भाचीनं हे काम धरलं ते त्या दोन शब्दांशी वैर म्हणूनच. तिची प्रत्येक डिस्क घरी आधी मावशी बघायची, स्पीकरवर तळहात ठेवून.

पावल्या गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, डबा घेऊन. त्या एकतिसाव्या खेपेनंतर तो डब्याशिवाय कुठे जात नसे. येताना नवी ओळही आणली होती: [दूरवर ढग गडगडतात].

“खिडकीतून चांदण्या दिसतायत त्या सीनमध्ये,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी [मांजर गुरगुरतं]. असं गुरगुरणारं मांजर असेल तर आधी डॉक्टरकडे न्या, असं उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी [वरच्या मजल्यावर कुणीतरी टेबल सरकवतं].

“घराला वरचा मजलाच नाही. भूत चढतं तो शेवटचा.”

“तुम्ही भुताचं घर माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.”

“तुम्ही बघितलं कुठे? तुम्ही खाली मान घालून चालत होतात.”

एव्हाना डब्यात दोघांचं येत होतं, हे दोघांनीही बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यानं झोळीतून एक बायकी सँडलचा जोड काढला, दोन्ही हातांत घातला आणि टेबलावर चालवला. टपटप, टपटप… जरा थांबून… टप.

“ही कोण?” तिनं विचारलं.

“तुम्ही. दारापासून खिडकीपर्यंत.”

“मी मध्येच थांबते?”

“आधी थांबत नव्हतात,” तो सँडलकडे बघत म्हणाला. “हल्ली थांबता… मी बसतो त्या खुर्चीपाशी.”

तिनं टेबल पुसायला घेतलं. ते मघाशीच पुसून झालं होतं.

त्या संध्याकाळी घरी जायच्या आधी तिनं ओळ बदलली. [शांतता]. तीन अक्षरं, एका माणसाची पुढची सगळी वर्षं. फार मोठा गुन्हा नव्हता.

मावशी नेहमीच्या जागी बसली, तळहात स्पीकरवर. भूत जिना चढलं, थांबलं. पाचव्या सेकंदाला मावशीच्या भुवया वर गेल्या. तिनं पडद्यावरची ओळ वाचली, मग भाचीकडे बघून हातानंच विचारलं: काय झालं?

आणि भाचीचा हात, कित्येक वर्षांची शपथ विसरून, आपोआप हलला: काही नाही.

मावशीनं टीव्ही बंद केला. भांडली नाही, रडली नाही. उठून आत गेली आणि भांडी लावत बसली. ज्या बाईला आवाज ऐकू येत नाही तिनं भांडी इतक्या हळू लावावीत, हे भाचीला सोसवेना.

सकाळी ऑफिसात पोचताच तिनं जुनी ओळ परत घातली. मग पावल्याला फोन करून तसं सांगितलं, मावशीचंही सांगितलं.  तो नुसतं “बरं,” म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पुढचे तीन दिवस जिना नुसता जिना होता. माणसं चढत-उतरत होती, एकाचंही पाऊल ऐकण्याजोगं नव्हतं. ती दारापासून खिडकीपर्यंत जायची आणि रिकाम्या खुर्चीपाशी थांबायची. मग स्वतःवरच चिडायची.

चौथ्या दिवशी डिस्कवर घालायची शेवटची पुरवणी आली: ‘भुताची पावलं कशी बनली’, सात मिनिटं, याच तीन दिवसांत चित्रित झालेली. दिग्दर्शकानं त्यातली स्वतःची मुलाखत तेवढी बघून सही ठोकली होती. उरलेली बघायची ती हिनं. पुरवणी घेऊन ती घरी आली आणि मावशीला शेजारी बसवलं. दोघींत अजून अबोला होता, पण काम ते काम.

पडद्यावर पावल्या आला. जिना कसा चढलो ते त्यानं दाखवलं. मग चष्मा सारखा करत सरळ समोर बघून म्हणाला, “पाचव्या सेकंदाला पोटाचा आवाज आहे. तो माझा आहे. एकतीस वेळा चढलो, जेवलो नव्हतो. ज्यांनी तो लिहिला, त्यांनी बरोबर लिहिलंय.”

मावशीनं ओळ वाचली. एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा भाचीकडे.

शेवटी त्यानं झोळीतून तो सँडलचा जोड काढला. हातांत सँडल, पायांत आपले बूट. डोळे मिटून तो चालू लागला… टपटप, आणि त्याला लागून दोन हलकी, तिसरं घासत. तिनं लिहिलं: [पावलं]. बोटं की-बोर्डवर तशीच राहिली.

“दोघं आहेत,” मावशी तिच्या जाड, मोठ्या आवाजात म्हणाली. हात स्पीकरवर होता. “एक बाई आहे. कोण?”

तिनं ओळ खोडली आणि खरी लिहिली: [त्याची पावलं. तिची पावलं. बरोबर.]

मावशीनं ती दोनदा वाचली. “हं,” म्हणाली, आणि अबोला संपला.

शुक्रवारी डिस्क बाजारात आली. दिग्दर्शकानं चार दिवस कुणाचा फोन उचलला नाही. मग लोकांची पत्रं येऊ लागली. भूत उपाशी आहे हे कळल्यावर खरी भीती वाटली म्हणे. एका घरात जिन्यावर ताट वाढून ठेवलं, तर सकाळी ते चाटून-पुसून लख्ख. त्या घरातला जाडा जावई यावर काहीच बोलला नाही, असंही पत्रात होतं. तेव्हा दिग्दर्शकानं जाहीर केलं की पावल्याला उपाशी ठेवायची कल्पना मुळात आपलीच. पुढचा सिनेमा पावल्यालाच मिळाला. त्यानं एकच अट घातली, जेवणाच्या सुट्टीची.

पावल्याच्या वाट्याची डिस्क तिनं स्वतः पाठवली होती, आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता ऑफिसचा न घालता घरचा घातला होता.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी त्या दोघी पानं घेत असताना मावशीचा हात भिंतीवर टेकला. “कुणीतरी चढतंय,” ती म्हणाली.

भाचीला ते आधीच ऐकू आलं होतं. दोन हलकी, तिसरं घासत. शेवटच्या पायरीवर येऊन पावलं थांबली. बेल वाजेना. ती मनातल्या मनात मोजू लागली. एक… दोन… तीन… चार… पाचव्याला, बंद दारातूनसुद्धा, तो आवाज आला.

तिला हसू आवरेना. मावशीनं हातानं विचारलं: काय झालं?

तिनं दोन्ही हात वर केले आणि काहीही न गाळता, सावकाश, सगळं सांगितलं.

मावशीनं तिसरं ताट मांडलं आणि दार उघडायला स्वतः गेली.