पट्ट्याची उजवी बाजू

पहिल्या भेटीतच एस्पेरांसाचा पाय जाळ्यात अडकला होता. खरोखरच्या, मासळीच्या वासाच्या जाळ्यात. मालवणच्या जेटीवर कुणी जाळी वाळत टाकलेली, आणि ही मोबाईलमध्ये बघत आली. समोरून फिरायला आलेल्या एका उंच माणसानं खाली बसून, एकही धागा न तोडता तिचा पाय सोडवला.

"जाळ्याक काय झाला नाय," तो उठत म्हणाला.

"आणि माझ्या पायाक?"

"पाय बरो आसा. जाळा महाग."

राग यायला हवा होता... आलं ते हसू.

तो कौस्तुभ, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. ती दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. दुसऱ्या दिवशी दोघं त्याच वेळी पुन्हा 'सहज' जेटीवर आली, आणि मग वर्षभर सहजच येत राहिली. ती जाळ्यात परत अडकू नये म्हणून तो डावीकडून, जाळ्यांच्या अगदी कडेनं चालायचा. ती त्याच्या उजव्या हाताला, मोकळ्या वाटेवर. बांगड्याच्या भावापासून देवापर्यंत सगळं बोलून व्हायचं — एक सोडून.

आणि परवा तो म्हणाला, "घरात ट्रेडमिल घेवची आसा. कुडाळाक येशीत? तुका त्यातला कळता."

"कित्याक रे? जेटी मोडली?"

"आये म्हणता, चलाचाच आसा तर घरात चल. बाजारात बायका तिका इचारतत, तुझ्या झिलाबरोबर फिरता ता चेडू कोणाचा?"

"मगे ती काय सांगता?"

"ती माका इचारता."

"आणि तू?"

"मी..." त्यानं समुद्राकडे बघितलं. "मी ट्रेडमिल घेतंय."

एस्पेरांसाला त्या न बघितलेल्या यंत्राचा असा मत्सर वाटला की काय सांगावं! आता रोजची संध्याकाळ त्या सटवीची. बाई असती तर निदान नाकात खोट काढता आली असती. यंत्राच्या कशात काढायची? मोटरीत — तिनं ठरवून टाकलं.

कुडाळच्या दुकानात बाईही निघाली. अपेक्षा, तिथली सेल्सगर्ल. पांढरेशुभ्र बूट, उंच बांधलेले केस, आणि पट्ट्यावर धावून दाखवताना ते केस असे झुलत होते की दुकानाचा पंखासुद्धा तिच्याचकडे वळला असता.

"सर, तुम्ही एवढे फिट, तुम्हाला हाय स्पीडवालीच शोभेल," म्हणत तिनं त्याच्या शर्टाला यंत्राच्या सुरक्षा-दोरीची क्लिप लावली. एवढीशी क्लिप लावायला इतका वेळ लागतो, हे एस्पेरांसाला अख्ख्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

"हेचो पट्टो आखूड," ती म्हणाली. "तुझे पाय लांब. आपटतलंस."

"ह्या दुसऱ्याचा पट्टा लांब आहे, मॅडम."

"मोटर कमजोर. जाहिरातीतली ताकद घटकाभराची. सतत किती ओढता, ता सांगा."

"आणि ही?"

"मालवणच्या खाऱ्या हवेत गंजतली."

अपेक्षा गोड हसली. "मॅडम, वापरणार तर सर आहेत ना?"

त्या 'सर'मध्ये नको तेवढा मध होता.

"चलान बघतंय," म्हणत कौस्तुभनं बटण दाबलं. पट्टा सरकू लागला.

"सर, मधोमध चाला. डावीकडे सरकताय."

तो मध्ये आला. पुन्हा सरकला.

"सर, परत! उजवा अर्धा पट्टा रिकामा सोडलाय तुम्ही." तिनं कोपराला धरून त्याला मध्ये आणलं. थोड्या वेळानं स्वारी पुन्हा डाव्या कडेला. "पट्टा कललाय वाटतं..." म्हणून तिनं वाकून तपासला. पट्टा सरळ होता.

एस्पेरांसा बघत राहिली. इथं जाळी नव्हती, जेटी नव्हती. तरी तो कडेकडेनंच चालला होता... आणि उजवीकडची जागा तशीच, तिच्यापुरती, रिकामी.

बाहेर परतीच्या पावसाची एक सर पत्र्यावर तडतडली. ती पुढे झाली आणि तिनं ती क्लिपची दोरी ओढली. यंत्र थांबलं.

"घेव नको."

"मोटर बरी नाय?"

"मोटर बरी आसा." तिनं दोरी हातातच धरली. "तू घरात चलशीत तर... मी कोणाच्या उजव्या हाताक चलू?"

कौस्तुभ इतका रुंद हसला की अपेक्षानं एक पाऊल मागे घेतलं.

"अगो, इंजिनां खोलणारो माणूस मी. मोटर बघूक तू कित्याक व्हयी? 'घेव नको' म्हणशीत म्हणान कुडाळाक हाडलंय तुका. नि तू आपली पट्टो आखूड, मोटर कमजोर!"

"मगे आधी तूच बोलाचा होता!"

"भियालंय. तू नाय म्हटला असता तर... जेटी पण गेली असती."

अपेक्षा खाकरली. "मग कॅन्सल करू का, सर?"

"नाही, नाही. ती धरायला लांब दांडे असलेली द्या, हळू चालणारी. आईच्या गुडघ्यांना बरी." मग एस्पेरांसाकडे वळून, हळूच, "आये घरात चलांदे. मशीन शिकवूक तू येशीत मा?"

"फिजिओ म्हणान?"

"पयल्या दिवशी फिजिओ म्हणान. मगे... आये शाणी आसा. आणि बाजारात कोणी इचारल्यान तर ती तुझा नाव सांगतली."

पायऱ्या उतरताना तो सवयीनं डावीकडे सरकला. एस्पेरांसानं एकदाच मागे वळून त्या झुलत्या केसांकडे पाहिलं — आणि उजवी बाजू धरली. आज, त्याच्या हातासकट.