बॅटरी शेजारच्या सीटवर होती

मूर्खपणा माझा होता, हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर काका सांगतातच.

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात. दिवे गेले की घरातली सगळी पोरं त्यांच्याभोवती गोळा होतात. मग काका घसा साफ करून सुरुवात करतात, "माझ्या ओळखीची एक बाई होती. मनाने चांगली. डोक्याने जरा उत्साही." पोरं माझ्याकडे बघून फिदीफिदी हसतात. मी मेणबत्तीकडे बघते.

दर खेपेला काका गोष्टीत काहीतरी भर घालतात. मागच्या शनिवारी एक काळं कुत्रं घातलं. त्याआधी पुलाच्या कठड्यावर एक म्हातारा आणून बसवला होता. म्हटलं, आता आपणच लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढच्या वर्षी हत्ती यायचा. तर कुत्रं नव्हतं. म्हातारा नव्हता. मी होते, माझी गाडी होती, गाडीच्या मागे रॅकवर दोन सायकली होत्या. आणि… ते पुढे येईलच.

दोन्ही सायकली माझ्या ताईच्या घरच्या. एक तिची, साधी, हलकी. दुसरी भावोजींची, बॅटरीवाली, कारण त्यांचा एक गुडघा कामातून गेला होता आणि ताईचं घर टेकडीवर. दोघं रोज सकाळी फिरायला जायचे. ताईला हेल्मेटचा पट्टा लावायला दहा मिनिटं लागतात, हे आमच्या घराण्याचं वैशिष्ट्य आहे. तोवर भावोजी फाटकाशी एक पाय टेकून उभे, आणि दुसऱ्या पायाने पायडल उलटं फिरवत बसायचे. टक टक टक टक. तोंडाने कधी "चल" म्हणाले नाहीत. तेवढी टकटक पुरायची.

आणि एक सवय होती त्यांची. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर किती किलोमीटर झाले ते दिसतं. तो आकडा शून्य केल्याशिवाय ते निघायचे नाहीत. ऑगस्टमधल्या एका सकाळी त्यांनी आकडा शून्य केला, बूट घालायला पायरीवर बसले, एक बूट घातला… आणि तिथेच गेले. ताई पट्टा लावत होती.

त्यानंतर ताई घराबाहेर पडली नाही. रडली नाही, आजारी पडली नाही. फक्त रोज संध्याकाळी सहा वाजता गॅरेजमध्ये जायची आणि दोन्ही सायकलींत हवा भरायची. उभ्या सायकलींत. एक दिवसही चुकवला नाही. तीन महिने मी ते बघितलं आणि माझ्या उत्साही डोक्यात आलं, की हे दुखणं त्या सायकलींत आहे. सायकली हलवल्या की दुखणं हलेल.

काकांकडे रॅक मागायला गेले. गाडीच्या मागे खालून एक चौकोनी नळी बसवतात, तिच्यात रॅकचा दांडा सरकवायचा आणि आडवी पिन घालायची. काकांनी सगळं बसवून दिलं, पण पिन हातात धरूनच विचारलं, "तिला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

"मग विचारलंस का?"

"मौन म्हणजे होकार असतो, काका."

"तुझ्या नवऱ्याचं बघून म्हणतेस हे," काका म्हणाले आणि पिन ठोकली.

मग त्यांनी मला पहिलीतल्या मुलीला शिकवावं तसं शिकवलं. जड सायकल गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर. दोन्ही चाकं पट्ट्यांनी आवळायची. बॅटरी काढून आत, गाडीत ठेवायची. वजन कमी होतं आणि धक्क्याने काही बिघडत नाही. बॅटरी काढली की ती सायकल मुकी. दिवा नाही, आकडा नाही, काही नाही. शेवटी सायकल धरून गदागदा हलवायची. सायकल एकटी हलली तर परत बांध. सायकलीबरोबर गाडी हलली तर निघ.

नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार होता. ताई डॉक्टरांची गोळी घेऊन नऊला झोपते. मी तिच्याकडे जेवले, भांडी घासली, ती झोपल्याची खात्री केली आणि गॅरेजमध्ये चोरासारखी शिरले. चोर तरी माझ्यापेक्षा बरे असतील, त्यांना सायकल उचलता येत असेल. ती बॅटरीवाली सायकल म्हणजे रेडकू. आधी पुढचं चाक चढवलं, मग मागचं, मग ते सरकलं, मग माझा पाय. बॅटरी काढून माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली. अगदी पट्टासुद्धा लावला तिला. पट्टे आवळले. हलवून बघितलं. गाडी हलली.

नऊ चाळीसला निघाले. काकांचं दुकान खाली गावात, बावीस किलोमीटर. सगळा उतार. सकाळी ताई उठेल तेव्हा सायकली नसतील, एकदाच काय तो त्रास होईल, असं मी स्वतःला पटवत होते. गाणं लावलं होतं. सोबत गातही होते.

पेट्रोल पंप गेला. त्यानंतर रस्त्यावर दिवे नाहीत. उजवीकडे कालवा, डावीकडे झाडं.

गाण्यात काहीतरी जास्तीचं वाजायला लागलं.

मी गाणं बंद केलं.

टक टक टक टक.

म्हटलं, पट्ट्याचं टोक सुटलं असेल, वाऱ्याने आपटत असेल. वेग कमी केला. आवाज तेवढाच. वेग वाढवला. आवाज तेवढाच. घाई नाही, आळस नाही. पट्ट्याचं टोक असं कधी वाजतं का… मी ते पुढे विचारलंच नाही स्वतःला.

मग डावीकडची झाडं दिसायला लागली.

माझ्या गाडीचे दिवे समोर पडत होते. झाडं बाजूला होती, जरा मागे. त्यांच्या बुंध्यांवरून उजेडाचा एक गोल पळत होता. पांढरा. गाडीबरोबर. रॅकवर सायकली आडव्या असतात, त्यांची तोंडं बाजूला. भावोजींच्या सायकलीचं तोंड डावीकडे होतं.

मी शेजारच्या सीटकडे बघितलं.

बॅटरी होती. पट्टा लावलेली.

हात लावून बघितला. गार होती.

मागच्या काचेत बघायचं नाही, असं मी ठरवलं. आणि बघितलं. काचेपलीकडे पायडल वर आलं. खाली गेलं. वर आलं. उलटं. सावकाश. कोणीतरी एक पाय टेकून उभं असतं तेव्हा फिरवतं, तसं.

पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली. किलोमीटरचा अकरावा दगड. काका इथे म्हातारा बसवतात. कोणी नव्हतं. कोणी असतं तर मी त्याच्या गळ्यात पडले असते.

उतरले. मोबाईलचा उजेड पट्ट्यांवर टाकला. पुढचं चाक आवळलेलं. मागचं आवळलेलं. पिन जागेवर. टकटक थांबली होती. दिवा चालूच होता, झाडांकडे तोंड करून.

मला एवढंच सुचलं, जे काकांनी शिकवलं होतं. सायकल धरली आणि हलवली.

सायकल हलली नाही.

गाडीही हलली नाही.

पूर्ण जोर लावला. जराही नाही. घरून निघताना हीच गाडी डुलली होती. आता खांब हलवावा तसं. जसं कोणी… दोन्ही पाय घट्ट टेकून…

मी हात काढला.

"भावोजी," मी म्हणाले.

काही नाही. कालव्याचं पाणी.

"ताई झोपलीय."

टक.

एकदाच.

"मी… तिच्या भल्यासाठी…"

टक. टक.

आयुष्यात त्यांनी मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. मी इतकं काही करून ठेवायचे, तरी नुसते हसायचे. आता तेही नव्हतं. नुसती वाट बघणं होतं. माझी नाही. मी तर समोरच उभी होते. ज्या बाईला पट्टा लावायला दहा मिनिटं लागतात, तिची. आणि मी त्या दोघांमध्ये अकरा किलोमीटर घालून उभी होते. आणखी अकरा घालायला निघाले होते. तिला न विचारता.

"परत नेते," मी म्हणाले. "आत्ता नेते."

आवाज थांबला.

गाडी वळवली. वळवताना दोनदा बंद पडली, हे काका सांगतात आणि हे मात्र खरं आहे. चढ सुरू झाला. उजेडाचा गोल आता दुसऱ्या बाजूच्या झाडीवर, कालव्यापलीकडे, माझ्याबरोबर वर येत होता. टकटक नव्हती. अजिबात नव्हती. एकदाच काचेत बघितलं. पायडल फिरत होतं. सुलटं. जोर लावून, दमाने, चढावर मारतात तसं.

मागचं चाक बांधलेलं होतं. चाक बांधलेलं असताना पायडल उलटं फिरतं. सुलटं फिरत नाही. मला सायकल येत नाही, पण एवढं मलाही कळतं. काकांच्या पुतणीला कळायलाच हवं.

मी पुन्हा काचेत बघितलं नाही.

अकराला दहा कमी असताना फाटकातून आत आले. झाडांवरचा उजेड विझला. कधी विझला ते दिसलं नाही.

गॅरेजचा दिवा लागलेला होता. दारात ताई उभी. गाऊनवर शाल, हातात हवेचा पंप.

मला वाटलं, आता बोलेल. तीन महिन्यांचं सगळं आज माझ्यावर काढेल. ती पुढे आली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, रॅकजवळ गेली.

"बाहेरची आधी काढ," म्हणाली. "खालचा पट्टा मी सोडते."

दोघींनी मिळून सायकली उतरवल्या. तिची हलकी होती. भावोजींची धरली तेव्हा वाटलं, पुन्हा हलायची नाही. पण ती आली. मुकाट आली. ताईने दोन्ही सायकली जागेवर लावल्या, टायर दाबून बघितले, आणि भावोजींच्या पुढच्या टायरात चार पंप मारले.

"ताई, मी विचारायला हवं होतं."

"हो."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

एवढंच. मग तिने पंप खिळ्याला अडकवला, दिवा बंद केला. मी रात्रभर तिच्या खोलीत खाली गादीवर, डोक्यावरून पांघरूण घेऊन. ती दुसरी गोळी न घेताच झोपली. घोरली.

सकाळी सातला ताई हेल्मेट घेऊन गॅरेजमध्ये आली. हेल्मेट ऑगस्टनंतर पहिल्यांदाच तिच्या हातात. मला म्हणाली, "ती बॅटरी आण. मी त्याची नेते. माझा गुडघाही आता तसाच आहे."

मी गाडीतून बॅटरी आणली. सीटवर रात्रभर तशीच होती, पट्ट्यात. तिने ती खटकन बसवली. सायकलीला वाचा फुटली, पडदा उजळला.

शून्य असायला हवं होतं. त्या सकाळी त्यांनी शून्य केलं होतं, आणि त्यानंतर सायकल या गॅरेजबाहेर एकदाच गेली होती. माझ्या रॅकवर. चाकं बांधून. मुकी.

पडद्यावर अकरा पूर्णांक दोन होतं.

काकांना नंतर विचारलं, तर त्यांनी तारा तपासल्या, चाकाजवळचं ते मोजायचं यंत्र तपासलं, पडदा उघडून बघितला. काही बोलले नाहीत. काका काही बोलत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते. कुत्रं त्यानंतरच आलं त्यांच्या गोष्टीत. कुत्र्याने जरा सोपं होतं बहुतेक.

पण ते नंतर. त्या सकाळी मी पडद्यावर बोट ठेवलं.

"ताई, अकरा. पुलापासून तुझ्या फाटकापर्यंत अकरा आहेत."

ताई हेल्मेटचा पट्टा लावत होती. लागत नव्हता. तिने वाकून आकडा बघितला, चष्मा वर करून पुन्हा बघितला.

"बॅटरी तर माझ्याकडे होती," मी म्हणाले.

"मग दमला असेल," ताई म्हणाली. "येताना चढ आहे."