फिनेलची बादली

कँटीनच्या मागच्या दारात दोघांची टक्कर झाली आणि खरकट्याची बादली थेट तिच्या पायांवर उपडी झाली. ती किंचाळली. तो मात्र खाली वाकून सालं गोळा करू लागला.

"अरेरे... माझ्या पोरांचं जेवण सांडलं!"

"पोरं? किती आहेत तुम्हाला?"

"कोट्यवधी." त्याने अंगणातल्या बंद टाकीकडे बोट दाखवलं. "तिथे राहतात. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. हवा लागत नाही. उष्टं खातात आणि तुमच्या शेगडीला गॅस देतात."

तिला हसू आवरेना. त्या दिवसापासून कँटीनमध्ये बायोगॅसचा प्रयोग करणारा हा इंजिनिअरच बादली न्यायला येऊ लागला आणि गल्ल्यावर बसणारी ही मालकांची भाची नेमकी त्याच वेळी मागच्या दारात घुटमळू लागली. पंचाईत एकच होती — त्या बादलीचा दर्प! एवढा देखणा माणूस समोर उभा, आणि आपण नाक मुरडायचं? छे! ती रोज गुपचूप बादली घासायची आणि तळाशी सढळ हाताने फिनेल ओतून ठेवायची.

मग एका दुपारी शेगडी फुरफुरली आणि विझली. आठवडा उलटला तरी पेटेना. मामांचा पारा चढला.

"पुरे झाले प्रयोग! मी सिलिंडर मागवतोय. आणि साहेब, तुम्ही सामान आवरा."

तो पांढराफटक पडला. "पोरं मेली हो, मालक... कुणीतरी विष घातल्यासारखी."

विष! तिला बादलीच्या तळाचं फिनेल आठवलं. गप्प बसावं, तर तो कायमचा जाणार. बोलावं, तर... मामांसमोर?

"मामा... मी घातलं. फिनेल. रोज, बादलीत."

मामांनी आ वासला. "फिनेल? डोकं फिरलं का तुझं? कशासाठी?"

"हे यायचे ना... तेव्हा घाण वास नको म्हणून."

तिचे कान तापले. आता हा काय बोलेल, या भीतीने तिला वर बघवेना. तो मात्र थक्क होऊन तिच्याकडे पाहतच राहिला होता.

"मामा," त्याने घसा खाकरला, "टाकी धुऊन ताजं शेण घालतो. महिनाभरात गॅस सुरू होईल. आणि... बादल्या न्यायला खरं तर वेगळा माणूस आहे. त्याला मीच रोज परत पाठवायचो."

तिने झटकन मान वर केली. आता थक्क व्हायची पाळी तिची होती.

"मामा?" मामा मटकन खुर्चीत बसले. "आत्तापर्यंत तर मी मालक होतो!"

मामांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"बघत काय बसलीस? तुझ्या आईला फोन लाव."