बोटभर साक्ष

जुन्या गाडीचं क्रोम काळं करून द्या, असं सांगणारं गिऱ्हाईक आलं तेव्हा पेंटरताईला आधी हसूच आलं. लोक नेमकं उलटं काम घेऊन येतात, डागाळलेलं क्रोम पुन्हा चकचकीत करून मागतात. या गाडीचं क्रोम चाळीस वर्षांनंतरही असं होतं की समोर उभं राहून खुशाल भांग पाडावा. दोन्ही बंपर, खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या, दिव्यांच्या कड्या, सगळं लखलखीत.

गाडीचे मालक घड्याळं दुरुस्त करायचे. बोलणंही मोजून मापून. गाडीकडे पाठ करूनच त्यांनी किल्ली पुढे केली आणि म्हणाले, "एकही चमकता तुकडा ठेवू नका. आतला, खालचा, कुठलाच."

व्यक्ती तितक्या प्रकृती, असं म्हणून तिने काम घेतलं.

वर्कशॉप मूळचं अण्णांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. अण्णांची नजर आता अंधूक झाली होती. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून. डोळे गेले तरी जीभ शाबूत होती. नायलॉनच्या पट्ट्यांच्या खुर्चीत ते दिवसभर दाराशी बसायचे आणि नुसत्या वासावरून थिनर जास्त झाल्याचं सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर असायचे, हेच तिला सहन व्हायचं नाही.

त्यांचे नियम दोनच. चमक मारल्याशिवाय रंग धरत नाही, हा पहिला. क्रोमवर सरळ रंग मारला तर महिन्याभरात पापुद्रे सुटतात, म्हणून आधी पॉलिश पेपरने घासून ते आंधळं करायचं. दुसरा नियम साक्षीचा. रंगाखाली काय होतं ते पुढच्या कारागिराला कळावं, म्हणून कुठेतरी आडबाजूला बोटभर जागा मूळची ठेवायची. तिला ते साक्ष म्हणत. ती जागा एवढी स्वच्छ हवी की त्यात तोंड दिसलं पाहिजे.

सकाळी तिने गाडी धुतली आणि मागचा बंपर पुसायला बसली. बंपरमध्ये तिचा चेहरा भाकरीसारखा पसरट दिसत होता. मागे उघडं दार, दारातलं ऊन, अण्णांची खुर्ची. खुर्ची रिकामी.

हे उठून कुठे गेले म्हणून तिने वळून पाहिलं. अण्णा खुर्चीतच होते. मांडीवर मास्किंग टेपची रिळं घेऊन त्यांची टोकं नखाने शोधत होते.

तिने पुन्हा बंपरकडे पाहिलं. खुर्ची रिकामीच होती.

ती काही भाबडी बाई नव्हती. बंपर गोलाईचा, त्यात कोपरे गिळले जातात, हे तिला ठाऊक होतं. ती डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. मग काहीतरी निमित्त काढून अण्णांना उठवलं, खुर्ची गाडीच्या अगदी जवळ आणली आणि त्यांना पुन्हा बसवलं. बंपरमधली खुर्चीही जवळ आली. अण्णांच्या वजनाने खऱ्या खुर्चीच्या पट्ट्या झोळीसारख्या खाली आल्या होत्या. बंपरमध्ये त्या सपाट होत्या.

"काय गं, आज मला प्रदर्शनात मांडलंयस का?" अण्णांनी विचारलं.

उजेड बघतेय, असं ती म्हणाली. हाताला थिनर लागल्यासारखं गार वाटत होतं.

दुपारी तिने घड्याळवाल्यांना फोन लावला. काय विचारावं ते सुचेना, म्हणून क्रोमबद्दल एक विचारायचं होतं, एवढंच म्हणाली.

"कोण दिसत नाहीये?" त्यांनी विचारलं.

तिने दाराकडे, अण्णांच्या खुर्चीकडे पाहिलं. मग तेच हळूहळू बोलले. त्यांची बायको दर रविवारी स्वतः गाडी पुसायची. एका रविवारी खिडकीच्या पट्टीत त्यांना ती दिसली नाही. नुसता अंगणाचा कठडा दिसला. दहाव्या दिवशी ती गेली. आता नातू गाडीभोवती खेळतो, आणि त्यांना काही बघायचंच नाही. विकून तरी कुणाच्या गळ्यात मारायची?

"झाकलं की टळतं का हो?" तिने विचारलं.

"माहीत नाही. म्हणून तर तुमच्याकडे आणली."

तिने फोन ठेवला आणि घासायला बसली. आयुष्यात कुठलं काम तिने एवढ्या जिद्दीने केलं नव्हतं. अण्णा नाहीत असं घर तिला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. पॉलिश पेपर करकरत होता, राखाडी पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. एकेक पट्टी आंधळी होत होती आणि शेवटपर्यंत प्रत्येकीत ती खुर्ची होती, रिकामी, उन्हात. दुसऱ्या दिवशी पुढच्या बंपरचा शेवटचा वीतभर तुकडा उरला तेव्हा तिचा हात थांबला. आपण काय बोलतोय याचं भान नसल्यासारखी ती पुटपुटली, "माझं काय व्हायचं ते होऊ दे. यांना राहू दे."

आणि घासून टाकलं.

या वेळी साक्ष ठेवायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. अण्णांना सांगितलं नाही. जेवून आली, बाकीच्या गाडीला कागद आणि टेप लावले, प्राइमर मारला, तिसऱ्या दिवशी काळ्या रंगाचे तीन हात दिले. रंग सुंदर बसला. काळा, मंद, कशाचंही प्रतिबिंब न धरणारा. विजेरी घेऊन ती गाडीखाली शिरली आणि सगळं तपासून आली. कुठे काही चमकत नव्हतं.

दाराशी अण्णा बसले होते. खोकले, पाणी प्यायले, तिच्या चहाला नावं ठेवली. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तजेला होता. तिला रडू येईल असं वाटलं. मग तिने दुसऱ्यांदा चहा केला.

चार वाजता घड्याळवाले यायचे होते. पावणेचारला अण्णांनी विचारलं, "साक्ष ठेवलीस?"

"ठेवली."

"खोटं कशाला बोलतेस? काल तू जेवायला गेलीस तेव्हा मी हात फिरवला. सगळं खरवडून ठेवलंस. मागच्या बंपरची कड तेवढी खालून गुळगुळीत लागली. बोटभर. तिथे मी टेप लावून टाकली."

तिने हातातला कप खाली ठेवला.

"तेवढी काढ आता. नाहीतर डिंक धरेल."

ती मागे गेली. गुडघ्यांवर बसली, मग जमिनीवर गाल टेकवला.

कडेला टेप होती. तिच्या रंगाने काळी झालेली, म्हणून विजेरीतही दिसली नव्हती.

न काढता तसंच राहू द्यावं, असं एकदा मनात आलं. पण अण्णा कान देऊन बसले होते. टेप सुटल्याचा आवाज त्यांना ऐकू यायला हवा होता.

तिने नखाने टोक उचललं. टेप सरसरत निघाली.

बोटभर क्रोम, स्वच्छ.

तिने आधी खुर्ची शोधली. दार दिसलं, ऊन दिसलं, खुर्ची दिसली. खुर्चीत अण्णा होते. झोळीसारख्या पट्ट्यांवर नीट बसलेले, मान तिच्या दिशेला वळवून.

तिच्या घशातून हुंदका की हसू, काहीतरी फुटलं.

"निघाली?" अण्णांनी विचारलं. "तोंड दिसतंय का बघ त्यात."

ती बघत होती. त्यात अण्णांच्या आणि बंपरच्या मध्ये नुसती फरशी होती, ओली, रिकामी.

"दिसतंय ना गं?"

"दिसतंय, अण्णा," ती म्हणाली.

तिने क्रोमवर बोट टेकवलं. आतून कुणीही बोट पुढे केलं नाही.