गोदामाचं मागचं दार

काम तसं साधंच होतं. तपासणीची मंडळी येणार होती, त्याआधी कारखान्याचा आपत्कालीन आराखडा तयार हवा होता. वायू सुटला तर भोंगा कोणी वाजवायचा, कोणत्या वाटेने बाहेर पडायचं, कुठे जमायचं. सुरक्षा अधिकारी नवीनच लागली होती. तिने सगळं आवार पालथं घातलं आणि क्लोरीनच्या गोदामामागे येऊन थबकली. दाराला कुलूप होतं.

"हे उघडं हवं, सर," तिने प्लँट मॅनेजरना सांगितलं. "आतल्यांना पळायला दुसरी वाट नाही."

"चोऱ्या होतात हो! नकाशात दाखवा उघडं. कागदावरचं दार उघडायला किल्ली लागते का?" साहेब स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसले.

तिला हसू आलं नाही. तिचा मामा याच गोदामात गुदमरून गेला होता, आणखी काही जणांबरोबर. दार उघडंच होतं, माणसंच घाबरली, अशी तेव्हा साक्ष झाली. साक्ष देणारे त्या पाळीचे प्रमुख म्हणजे हेच साहेब. मेलेल्यांच्याच माथी खापर फोडून सगळे मोकळे झाले. मामीने तेही गिळलं. पण भाचीने तिथेच नोकरी धरली, तेव्हा मात्र मामीने बोलणं टाकलं. "जा, त्यांच्या मिठाला जाग आता," एवढंच म्हणाली. त्या दाराचं कुलूप निघावं म्हणूनच भाची तिथे गेली होती, पण हे मामीला कोण पटवणार?

दुपारी रंगीत तालीम ठेवली होती. भोंगा वाजला तशी माणसं चेष्टामस्करी करत फाटकाजवळ जमली. कोणी नाक दाबून "मेलो, मेलो!" ओरडला, हशा पिकला. हजेरी लागली. सगळे बाहेर होते, गोदाम रिकामं होतं. नियंत्रण कक्षात फक्त ती आणि साहेब उरले.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. फोन गोदामातून होता.

तिने रिसीव्हर उचलला. आधी नुसता श्वास ऐकू आला, ओला, घरघरता. त्यामागे कुठेतरी लांब बरीच माणसं खोकत होती.

"चिमे..."

या नावाने तिला फक्त मामा हाक मारायचा.

"चिमे, दार लागलंय गं... किल्ली कोणाकडे आहे?"

साहेबांनी तिच्या हातून रिसीव्हर घेतला, कानाला लावला आणि सावकाश खाली ठेवला. तोंडावरचा रंग पार उतरला होता.

"जुन्या वायरी आहेत. काहीही ऐकू येतं."

"किल्ली कोणाकडे आहे, सर?"

"मला काय माहीत?" ते म्हणाले, पण त्यांचा हात खिशाकडे गेला होता. तिने तळवा पुढे केला. शेवटी त्यांनी त्यावर किल्ली ठेवली.

गंजलेलं कुलूप कुरकुरत उघडलं. आत काळोख होता आणि नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास. कमरेला लावलेलं वायुमापक मात्र हवा स्वच्छ दाखवत होतं. आत कोणी नव्हतं. दारात उभी असताना गालाला एक गार झुळूक घासून गेली. मग दुसरी. मग खांद्याला निसटता धक्का बसल्यासारखं झालं... ती नकळत बाजूला सरली.

फाटकाजवळचा हशा अचानक थांबला. तिने वळून पाहिलं. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी गर्दी दुभंगत होती. एकाने शेजाऱ्याला बाहीला धरून मागे ओढलं. दोन्ही बाजूंची माणसं अंग चोरून उभी राहिली आणि मधली मोकळी वाट हळूहळू पुढे सरकत गेली. पहारेकऱ्याने घाईघाईने फाटक उघडलं.

पण वाट फाटकापर्यंत गेलीच नाही. साहेब नुकतेच बाहेर येऊन गर्दीत उभे होते, तिथे ती वाट वळली आणि त्यांच्याभोवती रिंगण होऊन थांबली.

साहेब खोकायला लागले. एकदा, दोनदा, मग थांबेचनात. दोन्ही हातांनी त्यांनी गळा धरला. ती प्राणवायूचा संच उचलून धावली. कसाही असो, माणूस होता. गर्दीच्या कडेला म्हाताऱ्या फिटरने तिचा दंड धरला.

"बाई, नका जाऊ..." तो कुजबुजला. "तिथे जागा नाही."

रिंगणात साहेब एकटेच उभे होते.